गुरूचे चार चंद्र आणि सुरत बंदर

सुरतेच्या कोणत्याही गच्चीवरून गुरू ग्रह ओळखावयास कष्ट पडत नाहीत. शुक्र मावळल्यावर बहुधा सर्वांत ठळक दिसतो तो हाच. आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी यालाच मुश्तरी म्हणतात. हातात धरावयाची साधी दुर्बीण भिंतीला टेकवून त्याकडे पाहिले, तर त्याच्या आजूबाजूस एका रेषेत दोन, तीन, कधी चार बारीक ठिपके दिसतात. हे गुरूचे चार मोठे चंद्र होत.

पाडुआ येथे गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी असे तीन ठिपके पाहिले. दोन पूर्वेस, एक पश्चिमेस. त्यास ते तारे वाटले. दुसऱ्या रात्री पाहतो तो तिन्ही पश्चिमेस! १३ तारखेस चौथाही सापडला. पृथ्वी फिरत असती तर चंद्र मागे राहिला असता, असा त्या काळच्या विद्वानांचा आक्षेप होता. गुरू तर सर्वांच्याच मते फिरता, आणि तो चार चंद्र घेऊन चालला होता. आमच्या मते या शोधाचे खरे महत्त्व येथेच आहे.

आता आपल्या बंदराकडे वळू. त्या शतकात सुरत हे मोगलांचे मोठे बंदर. हजची जहाजे येथूनच सुटत. ध्रुवतारा पाहून खलाशास अक्षांश कळे, रेखांश मात्र कळत नसे. त्यासाठी दोन ठिकाणच्या वेळांतील फरक हवा. सुरतेची सूर्यवेळ ग्रीनिचच्या सुमारे ४ तास ५१ मिनिटे पुढे आहे. दर तासास १५ अंश धरल्यास रेखांश सुमारे ७२.८ येतो. परंतु दूरच्या गावची वेळ सांगणार कोण? गुरूचा आयो हा चंद्र दर साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या सावलीत शिरतो, आणि हे ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी दिसते. हेच आकाशातील घड्याळ! हलत्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहीना, म्हणून समुद्रावर ते निरुपयोगी ठरले. जमिनीवर मात्र त्याने नकाशे सुधारले. याच ग्रहणांस कधी उशीर, कधी घाई होते हे पाहून रोमर याने १६७६ साली प्रकाशासही प्रवासास वेळ लागतो असे दाखविले.

१६५१ साली जेरेमाया शेकर्ली या इंग्रज ज्योतिर्विदाने सुरतेहून बुधाचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहिले. पुढे सवाई जयसिंहाने आपल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या फारसी ग्रंथात गुरूभोवती फिरणाऱ्या चार ताऱ्यांची नोंद केली.

या चौघांचे स्वभाव निरनिराळे. आयोवर ४०० हून अधिक ज्वालामुखी आहेत. गुरूच्या ओढीने त्याचे अंग सतत मळले जाते व आतून तापते. पहिला जळता ज्वालामुखी १९७९ साली व्हॉयेजर यानाच्या छायाचित्रात आढळला. गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा, म्हणजे बुधाहूनही मोठा. कॅलिस्टो खड्ड्यांनी भरलेला, जुनाट. युरोपा आपल्या चंद्राहून किंचित लहान. त्याच्या बर्फाखाली खारा समुद्र असावा, असा पुरावा आहे. तो तपासण्यास ‘युरोपा क्लिपर’ हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून २०३० साली गुरूजवळ पोहोचावयाचे आहे.