निर्वाहखर्चाची स्थलवार तुलना

एकाच राहणीमानासाठी दोन भिन्न गावांत वा शहरांत येणाऱ्या खर्चांचे परस्परप्रमाण. स्थलांतर करू पाहणाऱ्या कुटुंबाला नव्या ठिकाणचे उत्पन्न खरोखरीच अधिक आहे की केवळ आकड्याने मोठे आहे, हे या तुलनेवरून ठरविता येते.

ही तुलना आणि निर्वाहखर्चाचा निर्देशांक या भिन्न गोष्टी होत. निर्देशांक एकाच ठिकाणच्या किंमतींत कालांतराने पडलेला फरक दाखवितो. मुंबई सरकारने १९२१ मध्ये स्थापन केलेल्या कामगार कार्यालयाने मुंबईतील कामगारवर्गासाठी जुलै १९१४ = १०० या पायावर असा निर्देशांक तयार केला; औद्योगिक कामगारांसाठीच्या अलीकडील मालिकेचा पाया २०१६ हा आहे. समजा, एका केंद्राचा निर्देशांक १४० व दुसऱ्याचा १३० आहे. तेवढ्यावरून पहिले शहर अधिक महाग असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक केंद्राचे १०० हे त्याच्या स्वतःच्याच जुन्या किंमतपातळीचे असतात. ही गल्लत सुशिक्षितांतही आढळते.

शहराशहरांतील तुलनेचा एक मोठा प्रयत्न यूरोपात झाला. डिट्रॉइट येथील आपल्या कामगारासारखे राहणीमान यूरोपीय शहरांत ठेवण्यास किती वेतन द्यावे लागेल, अशी विचारणा फोर्ड मोटर कंपनीने १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेकडे केली. त्यासाठी डिट्रॉइटमधील शंभर कुटुंबांचे जमाखर्च तपासण्यात आले आणि त्यांच्या गरजांची किंमत बर्लिन, पॅरिस, कोपनहेगन, स्टॉकहोम इ. शहरांत काढण्यात आली. अहवाल १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. खरी अडचण किंमती गोळा करण्याची नव्हती. काय विकत घ्यावयाचे, ही होती. डिट्रॉइटच्या अनेक कामगारांकडे मोटारगाडी होती. यूरोपातील कामगार ट्रामने वा सायकलने कामावर जाई. मूळ शहराच्या गरजांची यादी धरल्यास परके शहर वाजवीपेक्षा महाग दिसते आणि परक्या शहराची यादी धरल्यास स्वस्त दिसते, कारण जेथे जे स्वस्त तेच माणसे अधिक घेतात. म्हणून दोन्ही याद्यांनी हिशेब करून त्यांचा मध्य काढण्याची पद्धत पडली. यूरो हे समान चलन आल्यावर विनिमय दराचा प्रश्न त्या देशांपुरता मिटला, तरी घरभाडे व सेवा यांच्या दरांतील अंतर राहिलेच.

भारतात शासकीय नोकराच्या बदलीचा हिशेब ढोबळ असतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता मुंबईत व बीडमध्ये एकाच दराने मिळतो. फरक पडतो तो मुख्यतः घरभाडे भत्त्यात. सातव्या वेतन आयोगानंतर शहरांच्या तीन वर्गांसाठी तो मूळ वेतनाच्या २४, १६ व ८ टक्के ठरला आणि २०२४ पासून ३०, २० व १० टक्के झाला.

हंगामी स्थलांतरात हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडणीसाठी जातात. गेवराई तालुक्यातील उमापूरचे एखादे जोडपे (तोडणीच्या भाषेत ‘एक कोयता’) निघाले, तर परगावी त्याचा रोख खर्च थोडाच दिसतो. बाजरी-ज्वारी घरून नेलेली असते, राहण्यास कोपी असते, जळण फडाच्या आसपास गोळा होते आणि उसाचे वाढे विकून चार पैसेही मिळतात. तथापि घरी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची चूल चालूच असल्याने खर्च दोन ठिकाणी होतो. आजारपणात औषधाचा खर्च होतो, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते व खाड्याची रक्कमही कापली जाते. मुलांची शाळा सुटल्याचे मोल तर कोणत्याच यादीत बसत नाही.

तोडणीचा दर टनावर असतो. त्यात २०२० मध्ये १४ टक्के आणि २०२४ च्या आरंभी झालेल्या करारान्वये ३४ टक्के वाढ झाली. एवढ्यावरून गावी राहणे व जाणे यांची तुलना होऊ शकेल असे वाटते. परंतु बहुतेक कुटुंबांनी हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. लग्न, दवाखाना, बी-बियाणे किंवा जुने देणे यांत ती संपलेली असते आणि कोणत्या कारखान्यावर जावयाचे हेही बहुधा मुकादमच ठरवितो. हंगामाअखेर तोडलेल्या टनांतून उचल वळती केली जाते; फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर चढते आणि त्या वर्षीचे जाणे आधीच ठरून जाते.