पाचशे रुपयांचे चलन आणि न्यायाचा खर्च

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमीच ऐकू येते. तिच्यात व्यवहारज्ञान आहे यात शंका नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो खर्च आणि लाभ यांचा सरळ हिशेब होय. जमिनीच्या वा घराच्या दाव्यात पणाला लागलेली वस्तूच मोलाची असते. म्हणून म्हण ठाऊक असूनही माणूस पायरी चढतो. वाहतुकीच्या चलनाचे, विदर्भाच्या बोलीत ‘चालाना’चे, तसे नाही. तेथे हा हिशेब नागरिकाच्या विरुद्धच लागतो, मग तो दोषी असो वा निर्दोष. ज्या व्यवस्थेत निर्दोष माणसालाही दंड भरणेच परवडते, तिला न्याय्य म्हणता येईल काय, हा प्रश्न रक्कम लहान आहे म्हणून लहान ठरत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. देऊळगावराजाच्या एका लिपिकाच्या मोबाइलवर संदेश येतो की, पुण्यात मनाई असलेल्या जागी त्याची दुचाकी उभी होती. दंड पाचशे रुपये. प्रत्यक्षात त्या दिवशी ती दुचाकी त्याच्या कार्यालयाच्या आवारात होती. बुलढाणा जिल्ह्यातील वाहनांचा क्रमांक ‘एमएच २८’ने सुरू होतो आणि बीडचा ‘एमएच २३’ने. मळलेल्या पाटीवरील इंग्रजी तीनचा आठ वाचला जाण्यास फारसा वेळ लागत नाही. आता या लिपिकाने काय करावे? फौजदारी कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयात त्याची चौकशी व्हावयाची. म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, किमान दोन दिवसांची रजा, एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे आणि वकिलाची फी. पहिल्याच तारखेस निकाल लागेल याचीही हमी नाही. पाचशे रुपये वाचविण्यासाठी काही हजार रुपये खर्च करणारा मनुष्य शेजाऱ्यांच्या दृष्टीने वेडाच ठरेल.

कायदा काय म्हणतो?

कायद्याने नागरिकाला वाऱ्यावर सोडलेले आहे, असे मात्र नव्हे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या २००व्या कलमानुसार ठराविक रक्कम भरून गुन्ह्याची तडजोड करता येते. हा पर्याय आहे, सक्ती नव्हे. तडजोड नाकारल्यास प्रकरण न्यायालयाकडे जाते. २०८व्या कलमाने किरकोळ गुन्ह्यांच्या संक्षिप्त निकालाची सोय केली असून, आरोपीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येते, अथवा रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठविता येते. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. गुन्हा कबूल केल्यानंतर दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचे दार बहुतांशी बंद होते. वाद उरतो तो शिक्षेच्या प्रमाणापुरता.

केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास सहा महिन्यांची मुदत आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांबाबत केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केले. पंधरा दिवसांत सूचना पाठवावी, स्पष्ट छायाचित्र, दिनांक, वेळ व स्थळ द्यावे, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, अशा अटी त्यांत घातल्या गेल्या. नागरिकाचे रक्षण करणाऱ्या या तरतुदी लहान नाहीत. मात्र त्यांचा लाभ घ्यावयाचा तर त्या ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या ठाऊक असलेल्या जाणकाराची फी दंडाहून अधिक असते.

यंत्राने काय साधले?

ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. बुलढाण्यात बसून दंड भरण्याची त्यामुळे सोय झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ‘मला खटला लढवावयाचा आहे’ असे कळविताच प्रकरण त्या त्या हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. म्हणजे पैसे स्वीकारण्यासाठी न्यायालय घरी येते आणि म्हणणे ऐकविण्यासाठी मात्र नागरिकाने त्याच्या दारी जावयाचे! लोकअदालतीचीही गोष्ट याहून निराळी नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला समेट घडविण्याचा अधिकार दिला आहे, दोष ठरविण्याचा नाही. तेथे कमी रकमेवर प्रकरण मिटू शकते, पण ‘ते वाहन माझे नव्हतेच’ असे म्हणणाऱ्याला तेथे न्याय मिळू शकत नाही. दोषी माणसाला सवलत आणि निर्दोषाला रिकाम्या हाती परत जाणे, असा हा विपरीत प्रकार आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९९२च्या आपल्या नोबेल व्याख्यानात एक प्रसंग सांगितला आहे. कोलंबिया विद्यापीठात तोंडी परीक्षेसाठी उशिरा पोचल्यामुळे गाडी वाहनतळावर न्यावी की रस्त्यावर बेकायदा उभी करून दंडाचा धोका पत्करावा, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून गुन्हा आणि शिक्षा यांविषयीचा त्यांचा १९६८चा प्रसिद्ध निबंध आकारास आला. पकडले जाण्याची शक्यता आणि दंडाची रक्कम यांचा विचार करूनच मनुष्य नियम पाळतो वा मोडतो, हे त्याचे सार. पण या सिद्धान्ताला एक पोटप्रमेय जोडावयास हवे. नियम पाळणाऱ्यालाही दंड होऊ लागला, तर नियम पाळण्याचा लाभ तेवढ्या प्रमाणात घटतो. चुकीचे चलन म्हणजे एका नागरिकाचे पाचशे रुपये नव्हेत. ते दंडाच्या धाकाचेच अवमूल्यन होय. उलट, जो एकटा पदरमोड करून चूक सिद्ध करतो, त्याच्या खटपटीचा लाभ सर्वांना मिळतो. असे सार्वजनिक हिताचे काम खाजगी खर्चावर सोपविले की ते होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. अपघातांनी माणसे मरत असताना चलनाविरुद्ध लढण्याची भाषा कशाला? आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर, १ जुलै २०२३च्या पहाटे खाजगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. ते दुःख ज्यांनी जवळून पाहिले, ते शिथिल अंमलबजावणीची मागणी कधीही करणार नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने १७७व्या कलमाखालील पहिल्या गुन्ह्याचा दंड शंभरावरून पाचशेवर नेला, तोही योग्यच. परंतु दंड जितका कडक, तितकी तो चुकीच्या माणसावर न पडण्याची दक्षता अधिक घ्यावयास हवी. अचूकपणा हा कडकपणाचा शत्रू नव्हे.

मग उपाय कोणता?

हरकतीवर निर्णय देणारा अधिकारी चलन करणाऱ्या शाखेबाहेरचा असावा; त्याचा निर्णय लेखी, सकारण आणि ठराविक मुदतीत मिळावा. सुनावणी नागरिकाच्या तालुक्याच्या न्यायालयातून दृक्‌श्राव्य माध्यमाने व्हावी. नव्या संहितेच्या ५३०व्या कलमाने न्यायालयीन कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालविण्यास परवानगी दिलेलीच आहे. दाद मागण्यापूर्वी दंड वा त्याचा हिस्सा भरावयास लावणे निर्दोषत्वाच्या गृहीतकाशी विसंगत असल्याने ते टाळावे. आणि चलन चुकीचे ठरल्यास शासनाने नागरिकाला ठराविक खर्च द्यावा. चुकीची किंमत मोजावी लागली, तरच कोणतीही यंत्रणा चुका कमी करते. न्यायालये खटल्यांनी तुंबतील ही भीती अनाठायी आहे. हरकतीच्या टप्प्यावरच चुका निपटल्या, तर न्यायालयापर्यंत फार थोडी प्रकरणे पोचतील.

तोवर वाचकांनी एवढे अवश्य करावे. चलन आले की छायाचित्र, क्रमांक, दिनांक आणि स्थळ पडताळून पाहावे. चूक आपली असेल तर दंड त्वरित भरावा. नसेल तर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिची प्रत जपून ठेवावी. न्यायालयाचे समन्स आल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये, आणि न केलेला गुन्हा केवळ सोय म्हणून कबूल करू नये. आपण मुलांना नागरिकशास्त्रात हक्क शिकवितो. त्या हक्काचा खर्च सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आणणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्याची आठवण शासनाला वारंवार करून देणे हे आपले.