दुसऱ्या वर्षी मोठ्या कॉलेजात जाता येतं का?



पहिल्या वर्षाचा निकाल लागला की वारणानगरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, पॉइंटर नऊच्या वर आलाय. आता सांगलीच्या वालचंदला नाहीतर पुण्याच्या सीओईपीला बदली मिळंल काय?" प्रश्न रास्त आहे. बारावीला चार मार्क कमी पडले म्हणून पोरगं इथं आलं, आता ते चमकलं. मग पुढं का जाऊ नये?

नियमात कॉलेज बदलता येतं. अडचण जागेची आहे. मार्क कितीही असोत, समोरच्या कॉलेजात त्याच शाखेत जागा रिकामी असावी लागते, आणि नावाजलेल्या कॉलेजातून सहसा कोणी उठून जात नाही. त्यातूनही पहिल्या वर्षाला जागा उरलीच, तर ती आधी डिप्लोमावाल्यांच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला जाते. तुमचा नंबर त्यानंतर. शिवाय स्वायत्त कॉलेजांचे अभ्यासक्रम वेगवेगळे असतात, त्यामुळं न जुळणारे विषय पुन्हा द्यावे लागू शकतात.

अमेरिकेत ही वाट जास्त रुळलेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं धोरणच असं, की पहिल्या वर्षाला दोन विद्यार्थी घेतले तर बदलीनं एक घ्यायचा. पण तिकडंही हार्वर्डसारख्या ठिकाणी बदलीच्या जागा अगदी मोजक्याच. तिथले व्हिडिओ बघून इथला हिशोब मांडू नका.

आपल्याकडं मधूनच आत जायचा खरा दरवाजा डिप्लोमाचा. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक केलं, की थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्याला सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. साठच्या वर्गाला दहा टक्के धरले तर सहा जागा, वर रिकाम्या राहिलेल्या. सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, वालचंद, सगळीकडं ही सोय आहे. दहावीत धाकटा भाऊ असेल तर घरात हे जरूर सांगा.

आयआयटीत बदलीनं जाता येत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठ दोन वर्षं देता येते, म्हणून पहिल्या वर्षाला असताना दुसरा प्रयत्न करणारी मुलं असतात. निवड झाली तरी सुरुवात पुन्हा पहिल्यापासून. वर्ष आणि फी दोन्ही गेली.

आता एक गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. कोडोलीकडच्या एका पोराला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजातून फोनवर "या, बघू" असं उत्तर मिळालं. त्यानं तेवढ्यावर इथला दाखला काढला. तिकडं गेल्यावर कळलं, जागा भरली. इकडं प्रवेश रद्द झालेला. वडिलांचं उसाचं बिल फीमध्ये गेलं होतं, ते पुन्हा कुठून आणायचं? पोराचं वर्ष बुडालं. "या, बघू" म्हणजे प्रवेश नव्हे, हे त्याला आम्हीच आधी सांगायला हवं होतं.

माझं मत विचाराल तर पदवी इथंच नीट पूर्ण करा आणि उडी पदवीनंतर मारा. बीएस्सीवाल्यांसाठी जॅम परीक्षा आहे: भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र. त्यातून आयआयटीत एमएस्सी करता येते. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि तो स्कोअर तीन वर्षं चालतो. तिथं तुमचं कॉलेज कुठलं, हे पेपर तपासणारा बघत नाही. आणि 2022 पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. त्यामुळं इथलं कॉलेज करत आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवीही घेता येते. तिला जेईई लागत नाही, त्यांचीच पात्रता फेरी पार करावी लागते.

तरीही बदलीच करायची असेल, तर आधी तिथल्या ऑफिसात जाऊन विचारा: माझ्या शाखेत दुसऱ्या वर्षाला आज किती जागा रिकाम्या आहेत? कुठले विषय पुन्हा द्यावे लागतील? फीची शिष्यवृत्ती पुढं चालू राहील का? उत्तर लेखी मागा. आणि ते हातात पडेपर्यंत इथल्या दाखल्याचा अर्ज भरू नका.