होस्ट फॅमिलीच्या घरात मूल पाहुणं नसतं

दहावी-अकरावीतल्या मुलाला वर्षभरासाठी अमेरिकेत, ओळख ना पाळख अशा घरी पाठवायचं म्हटलं की आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते लोक महिन्याला घेतात किती? काहीच घेत नाहीत, असं सांगितलं की लगेच दुसरी शंका येते : मग त्यांचा यात काय फायदा? पोरीला घरकामाला तर जुंपणार नाहीत ना?

जे-1 व्हिसावर हायस्कूलमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्याला सांभाळणाऱ्या अमेरिकी कुटुंबाला मोबदला मिळत नाही. राहणं आणि जेवणखाण त्यांच्याकडून. आयकरात महिन्यामागे 50 डॉलरपर्यंतची वजावट मिळू शकते, तीही अटींवर. तेवढ्यात वाढत्या वयाच्या मुलाचं आठवडाभराचं खाणंही जेमतेम होतं. गोंधळ होतो तो एफ-1 व्हिसामुळे. तो मार्ग फी भरून शिकण्याचा आहे आणि तिथे घरमालकाला बहुधा पैसे दिले जातात. एजंटकडे चौकशी करताना आपण यातल्या कोणत्या मार्गाबद्दल बोलतो आहोत, हे आधी विचारून घ्यावं.

मग ही कुटुंबं असं का करतात? उत्तर अशी देवाणघेवाण घडवणाऱ्या संस्थांच्या इतिहासात आहे. त्यातली 'एएफएस' ही संस्था मुळात महायुद्धांत जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांची. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1947 पासून, तिने शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. मुलं एकमेकांच्या घरी राहिली तर पुढच्या पिढीला लढाई करणं अवघड जाईल, हा त्यामागचा विचार. अमेरिकी सरकारची 'येस' शिष्यवृत्ती 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, 2002 मध्ये, याच विचारातून निघाली. भारतातल्या मुलांनाही ती मिळते आणि तिच्यात प्रवासापासून विम्यापर्यंतचा खर्च सरकार करतं. हा विचार भाबडा वाटेल, पण आजही हजारो घरांची दारं त्याच्याच जोरावर उघडतात.

जुंपण्याच्या भीतीबद्दल. या मुलांना नोकरी करायची परवानगीच नाही. शेजारचं बाळ सांभाळणं, अंगणातलं गवत कापणं अशी अधूनमधूनची किरकोळ कामं तेवढी चालतात. मूल पाठवण्याआधी देवाणघेवाण घडवणाऱ्या संस्थेच्या माणसाने त्या कुटुंबाच्या घरी जाऊन मुलाखत घ्यायची, घरातल्या 18 वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायची, मुलाला स्वतःचा पलंग आहे ना ते पाहायचं (सोफा-कम-बेड किंवा हवेची गादी चालत नाही), हे नियमात लिहिलेलं आहे. संस्थेचा स्थानिक समन्वयक 120 मैलांच्या आत राहणारा हवा आणि त्याने दर महिन्याला मुलाशी बोललं पाहिजे. हे बोलणं होतं की नाही, ते इथून पालकांनी जरूर विचारावं.

घरातली कामं मात्र असतातच. डिशवॉशरमधली भांडी जागेवर लावणं, कचऱ्याचा मोठा डबा आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणं, आपले कपडे आपण धुणं. त्या घरातली मुलं जे करतात तेच. आपल्याकडे लाडाने ताट उचलू न दिलेल्या मुलाला यात अपमान वाटतो आणि फोनवर ते ऐकून आईचाही जीव तुटतो. खरं म्हणजे ज्या मुलाला कामं सांगितली जातात, त्याला त्या घराने आपलं मानलेलं असतं.

जेवणाच्या टेबलावर सगळ्यात मोठी गफलत होते. आपण पहिल्यांदा 'नको' म्हणतो ते सवयीने; समोरचा पुन्हा विचारेल, तिसऱ्यांदा ताटात वाढेलच, ही खात्री असते. ओहायोतल्या घरी 'नको' म्हणजे नको. भांडं पुढे सरकतं, मूल अर्धपोटी उठतं आणि रात्री घरी सांगतं, 'इथे मला कोणी जेवायलासुद्धा विचारत नाही.' होस्ट आईला वाटतं, याला माझ्या हातचं आवडत नाही. भूक लागली की फ्रिज उघडायचा, ही मुभा त्या घरात गृहीतच धरलेली असते.

म्हणूनच रोटरी क्लबच्या देवाणघेवाण योजनेतून जाणाऱ्या मुलांना 'पहिल्या रात्रीचे प्रश्न' अशी एक यादी दिलेली असते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मळके कपडे कुठे टाकू? बाथरूम सकाळी कोणत्या वेळी वापरू? भूक लागली तर स्वतः घेऊन खाऊ का? प्रश्न साधेच आहेत, पण त्यामुळे पुढचे कितीतरी रुसवे टळतात. बाथरूमचा प्रश्न तर फारच मोलाचा. तिथल्या न्हाणीत टबाबाहेर बहुधा मोरी नसते. शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा असतो. तो बाहेर राहिला की पाणी फरशीवर येतं, आणि लाकडी बांधणीच्या घरात ते खालच्या खोलीच्या छतात मुरतं.

'शाकाहारी मुलाचे हाल होतात' हे अर्धंच खरं आहे. पीनट बटर, चीज, पास्ता, बीन्स यांवर दिवस निघतात, कंटाळा येतो, पण उपासमार होत नाही. धोका असतो तो न दिसणाऱ्या गोष्टींचा : डबाबंद रिफ्राइड बीन्समध्ये काही वेळा डुकराची चरबी असते, मार्शमेलोमध्ये जिलेटिन. डब्यावरचं लेबल वाचायची सवय इथूनच लावावी. आणि अर्जात 'अंडं चालतं, मासे नाहीत' इतक्या स्पष्ट शब्दांत लिहावं. नुसतं 'शाकाहारी' लिहिलं तर काही घरांत मासे त्यात धरले जातात.

रोज व्हिडिओ कॉल केला की मुलाला आधार मिळतो, असं पालकांना मनापासून वाटतं. घडतं उलटं. संध्याकाळी होस्ट कुटुंब एकत्र बसतं, तेव्हा पुण्यात पहाट झालेली असते. मूल खोलीत शिरून फोन लावतं आणि त्या घरातली ओळख वाढण्याची वेळच निघून जाते. घराची खरी ओढ बहुधा पहिल्या आठवड्यात लागतही नाही. नवलाई ओसरल्यावर लागते. दिवाळी एकट्याने जाते, मग थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला सगळं गाव आपापल्या नातलगांत असतं. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, निवांत बोलावं.

होस्ट कुटुंब बदललं म्हणजे मुलाचंच काहीतरी चुकलं, असा बोभाटा इथे होतो. रोटरीच्या वर्षभराच्या योजनेत तर एकाहून अधिक घरी राहणं बहुधा आधीच ठरलेलं असतं. इतर संस्थांतही जमत नसेल तर समन्वयकाला सांगून घर बदलता येतं. मुलाला असुरक्षित वाटत असेल, तर 'जमवून घे' हा सल्ला देऊच नये. तक्रार करण्यासाठी संस्थेचा आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याचा फोन नंबर त्याला दिलेला असतो. तो इथे घरीही लिहून ठेवावा.

राहिला शाळेचा प्रश्न. तिथे वर्ष काढलं म्हणजे अमेरिकी डिप्लोमा मिळेलच, असं नाही. मिळतं ते गुणपत्रक. तिथलं शालेय वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होऊन मे-जूनमध्ये संपतं. तेव्हा परत आल्यावर मूल कोणत्या वर्गात बसणार, हे मुख्याध्यापकांकडून किंवा कॉलेजकडून विमानाचं तिकीट काढण्याआधी लेखी घ्यावं.