रिपोर्टमधला ‘एस’ किती जंतूंसाठी असतो?

लघवीला जळजळ होते, ताप उतरत नाही, गळवातून पू येतो. अशा वेळी डॉक्टर ‘कल्चर’ तपासणी करायला सांगतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात अँटिबायोटिक औषधांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे सेन्सिटिव्ह, हे औषध त्या जंतूवर चालण्याची शक्यता चांगली. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, ते चालण्याची शक्यता कमी.

तरीही कधी कधी ‘एस’ असलेले औषध घेऊन आजार हटत नाही. मग लोक म्हणतात, रिपोर्टच खोटा! रिपोर्ट खोटा नसतो. पण तो जंतूंच्या एका ठरावीक संख्येवर काढलेला असतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

लॅबमध्ये काय करतात?

आधी नमुन्यातले जंतू वाढवतात. मग ते सलाईनमध्ये कालवतात. पाणी गढूळ होते. जंतू जितके जास्त, तितका गढूळपणा जास्त. हा गढूळपणा मोजण्याचे माप जोसेफ मॅकफार्लंड यांनी १९०७ मध्ये दिले. बेरियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक आम्ल मिसळले की पांढरा साका तयार होतो, त्याच्या ठरावीक गढूळपणाच्या नळ्या त्यांनी बनवल्या. आजही लॅबमध्ये ‘०.५ मॅकफार्लंड’ हेच माप वापरतात. त्यात एका मिलिलिटरमध्ये साधारण १० ते २० कोटी जंतू असतात.

हे पाणी बशीतल्या खाद्यावर सारखे पसरतात आणि त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीतले औषध भोवती झिरपते, त्याच वेळी जंतू वाढू लागतात. ही एक शर्यतच असते. सुमारे १६ ते १८ तासांनी चकतीभोवती जंतू न वाढलेले गोल वर्तुळ दिसते. ते मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात आणि ‘एस’ की ‘आर’ ते ठरते.

आता समजा, जंतू मापापेक्षा दाट पसरले. औषध पोहोचण्याआधीच ते शर्यत जिंकतात, वर्तुळ लहान येते आणि चालणारे औषधही ‘आर’ दिसू शकते. जंतू विरळ पडले तर वर्तुळ मोठे येते आणि न चालणारे औषध ‘एस’ दिसू शकते. म्हणून माप सर्वत्र एकच ठेवतात. त्यामुळेच नागपूरचा रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

संख्या वाढली की औषध का कमी पडते?

दुसऱ्या पद्धतीत औषध कमी-जास्त प्रमाणात घातलेल्या द्रवात जंतू सोडतात. तिथे माप मिलिलिटरला सुमारे ५ लाख जंतूंचे असते. तेच जंतू शंभरपट केले, तर काही औषधांची कितीतरी जास्त मात्रा लागते.

चार माणसांच्या आमटीला पुरलेले मीठ लग्नाच्या पातेल्याला पुरत नाही, तसेच काहीसे. पण इथे गोष्ट नुसत्या वाटणीची नाही. काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचे द्रव्य तयार करतात, ते पेनिसिलिनच्या कुळातली औषधे तोडून टाकते. जंतू थोडे असले तर औषध पुरून उरते. गर्दी झाली की त्यांनी सोडलेले द्रव्यही वाढते. शिवाय गर्दीत जंतूंची वाढ मंदावते, आणि पेनिसिलिन तर वाढत्या जंतूंनाच चांगले मारते. तिसरे म्हणजे, कोट्यवधी जंतूंत औषधाला दाद न देणारे एक-दोन आधीच असण्याची शक्यता वाढते. क्षयरोगात एकाच वेळी अनेक औषधे देतात, त्यामागे हेच मोठे कारण आहे. सगळ्याच औषधांवर गर्दीचा परिणाम सारखा होत नाही, म्हणून औषध निवडणे हे डॉक्टरांचे काम.

आपण काय करावे?

पू साचलेल्या गळवात लॅबच्या मापापेक्षा कितीतरी दाट जंतू असू शकतात. तिथे रक्तही नीट पोहोचत नाही, मग औषध कसे पोहोचणार? म्हणून डॉक्टर चिरा देऊन पू काढायला सांगतात तेव्हा ‘गोळ्यांवरच भागवा’ असा हट्ट धरू नका. पू काढला की जंतूंची संख्या एकदम घटते आणि तीच गोळी काम करू लागते.

नमुना शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. मात्र आजार गंभीर असेल तर रिपोर्टची वाट पाहत औषध थांबवू नका. डॉक्टर सांगतील तसे लगेच सुरू करा.

लघवीचा नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचवा. उबदार जागी राहिला तर बाटलीतच जंतू वाढतात आणि मोजणी चुकते.

रिपोर्टमधला ‘एस’ पाहून मेडिकलमधून स्वतःच औषध आणू नका. जुन्या रिपोर्टवर तर मुळीच नाही. आणि ‘एस’ असलेले औषध घेऊनही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर गोळी बदलण्यासाठी दुकानात जाऊ नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि विचारा, ‘आत कुठे पू तर साचलेला नाही ना?’