सिंगापूर–न्यू यॉर्क हवाई मार्ग

सिंगापूर–न्यू यॉर्क हा जगातील सर्वांत लांब नियमित विनाथांबा प्रवासी हवाई मार्गांपैकी एक आहे. सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यू यॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १५,३४९ किलोमीटर असून प्रवासास साधारणतः १८ ते १९ तास लागतात.

अंतराची गणना

पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावर काढलेली सरळ रेषा ही दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट असतेच असे नाही. पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाला बृहद्‌वृत्त म्हणतात. सर्वांत कमी अंतर याच वर्तुळावरून मोजले जाते. सिंगापूर सुमारे १०४° पूर्व आणि न्यू यॉर्क सुमारे ७४° पश्चिम रेखांशावर, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंस आहे. त्यामुळे त्यांच्यातील सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या निकटून जाते. सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत सुमारे ८८.६ आणि ध्रुवापासून न्यू यॉर्कपर्यंत सुमारे ४९.४ असे एकूण १३८ अंश होतात. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरल्यास हे अंतर १५,३०० किलोमीटरच्या थोडे वर जाते. पृथ्वीवरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील अंतर २०,००० किलोमीटरहून फारसे अधिक असू शकत नाही. त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त अंतर हे उड्डाण एका दमात कापते.

प्रत्यक्ष मार्ग आणि कालावधी

सर्वांत जवळचा मार्ग चीन, मंगोलिया आणि रशियाचा सैबेरिया यांवरून जातो. प्रत्यक्षात विमाने बहुधा या मार्गाने जात नाहीत. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत, सुमारे १० किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. न्यू यॉर्कला जाणारे विमान पॅसिफिक महासागरावरून गेल्यास हे वारे पाठीशी राहतात. अंतर वाढूनही वेळ आणि इंधन वाचू शकते. वाऱ्यांचा जोर हिवाळ्यात वाढतो. मार्ग ठरवताना बंद असलेल्या हवाई क्षेत्रांचाही विचार करावा लागतो. २०२२ पासून अनेक विमानकंपन्या रशियाचे आकाश टाळतात. म्हणून दोन शहरांमधील अंतर कायम असले, तरी प्रवासाचा कालावधी बदलत राहतो.

इतिहास आणि विमाने

सिंगापूर एअरलाइन्सने जून २००४ मध्ये न्यू यॉर्कनजीकच्या न्यूअर्क विमानतळापर्यंत विनाथांबा सेवा सुरू केली. तीसाठी वापरलेले चार इंजिनांचे एअरबस ए३४०-५०० विमान इंधन फार खात असे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ही सेवा थांबली. दोन इंजिनांचे ए३५०-९००यूएलआर हे विमान उपलब्ध झाल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. या विमानात सुमारे १,६५,००० लिटर इंधन मावते. इंधनाचे ओझे वाहण्यासाठीही इंधन खर्च होत असल्याने आसनांची संख्या १६१ इतकीच ठेवण्यात आली आहे. केनेडी विमानतळावरील सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली.

स्थानिक वेळ

सिंगापूरचे घड्याळ न्यू यॉर्कच्या पुढे असते. उन्हाळ्यात १२ तास, तर हिवाळ्यात १३ तास. उन्हाळ्यात सिंगापूरहून मध्यरात्री सुटलेले विमान साडेअठरा तास उडूनही न्यू यॉर्कला त्याच तारखेच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरते. याउलट न्यू यॉर्कहून रात्री दहाला निघालेला प्रवासी सिंगापूरला तिसऱ्या तारखेच्या पहाटे पोहोचतो.