प्रार्थनेने काही होते का? आणि मग आपण विहारात काय करतो?

रविवारच्या वंदनेनंतर बारावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, आपण देव मानत नाही. मग मेणबत्ती लावून, हात जोडून आपण करतो ती प्रार्थनाच नाही का? परीक्षेच्या आदल्या रात्री मी बाबासाहेबांच्या फोटोपुढे 'पास होऊ दे' म्हणाले. ते चुकलं का?" विहारात हशा पिकला. मला हसू आले नाही. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या बायपासच्या वेळी ऑपरेशन थिएटरबाहेर मीही हात जोडून बसलो होतो. कोणापुढे, ते आजही सांगता येणार नाही.

आधी शब्दांचे पाहू. प्रार्थना म्हणजे मागणे. वंदना म्हणजे गुणांपुढे नम्र होणे. पंचशीलात 'समादियामि' हे क्रियापद येते, त्याचा अर्थ 'मी स्वीकारतो'. 'मला दे' असा नाही. चोरी न करण्याचे शील वरून कोणी देत नाही. आपणच घ्यायचे, आपणच पाळायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिल्या त्याही २२ प्रतिज्ञा होत्या, नवस नव्हते.

मागून मिळते का, हा प्रश्न बुद्धांपुढेही आला होता. संयुत्त निकायात असिबंधकपुत्त नावाचा एक गावप्रमुख नालंदेला भेटायला येतो. पश्चिमेकडचे ब्राह्मण मेलेल्या माणसाला स्वर्गात पोचवतात म्हणे, तुम्हाला सगळ्या जगाला तसे पोचवता येईल का, असे तो विचारतो. भगवंत त्यालाच उलट विचारतात. खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर गर्दी जमवून, हात जोडून 'वर ये' म्हणत राहिले, तर तो वर येईल का? मग दुसरा दाखला. तुपाचे मडके पाण्यात फोडले, खापऱ्या तळाला गेल्या, तूप तरंगले. आता सगळ्यांनी मिळून 'बुड' म्हटले, तर तूप बुडेल का?

आपल्या भाषणांत धोंड्याचा दाखला नेहमी येतो, तुपाचा फारसा येत नाही. मला तो जास्त मोलाचा वाटतो. वाईट वागणाऱ्याला प्रार्थना तारत नाही, एवढेच त्यात नाही; नीट वागणाऱ्याला कोणाचा शापही बुडवू शकत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शापाची, विटाळाची, देवाच्या कोपाची भीती दाखवली गेली, त्याच्यासाठी हे केवढे मोठे आश्वासन आहे!

आता विज्ञान. २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'अमेरिकन हार्ट जर्नल'मध्ये आला. सहा रुग्णालयांतले १८०२ बायपासचे रुग्ण, तीन गट. प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नसलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली, त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात मात्र हा आकडा ५९ टक्के निघाला. तो योगायोग असू शकतो, किंवा 'माझी तब्येत इतकी बिघडली आहे का' या धास्तीचा परिणामही.

मग लोक प्रार्थना करतात तरी का? मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ट्रोब्रियांड बेटांवर एक गोष्ट टिपली. शांत खाडीत, जिथे मासे हमखास मिळत, तिथे कोळी मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात, जिथे जिवाला धोका, तिथे मात्र सगळे विधी होत. आपल्या हातातले संपते तिथे हात जोडले जातात. मूर्खपणाशी त्याचा संबंध नाही. माझाही नव्हता, असे मी मानतो.

आपली परंपराही याला अपवाद नाही, हे कबूल करायला हवे. श्रीलंकेत, म्यानमारमध्ये आजारपणात परित्राण पाठ होतो, आपल्याकडेही होतो. मिलिंद राजाने नागसेनांना यावरच अडवले होते: मृत्यू चुकत नाही, तर परित्राण कशाला? आयुष्य उरले आहे त्यालाच त्याचा उपयोग, असे नागसेन सांगतात. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही.

मला पटते ती विनयपिटकातली गोष्ट. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता, जवळ कोणी नव्हते. बुद्धांनी आनंदांना पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना बजावले, की माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्या रात्री माझे जोडलेले हात सुटले ते वस्तीतली तीन पोरे रक्त द्यायला आली तेव्हा. मागोमाग आत्याने डबा पाठवला. आपण कार्यकर्ते 'प्रार्थना करू नका' हे फार लवकर सांगतो आणि त्या माणसाजवळ बसायला फार उशिरा जातो.

त्या मुलीला मी चूक-बरोबर काही सांगितले नाही. भीती कशाची वाटते, तेवढे विचारले. "केमिस्ट्रीची." विहारात एम.एस्सी. झालेला एक मुलगा येतो. आता दर रविवारी वंदना संपली की मेणबत्त्या बाजूला सरकवून तो तासभर शिकवतो. परवा अकरा जण बसले होते.